गोठ्याचा चार्ज

माय,

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी सहाला दहा मिनिटं कमी असताना तुझ्या नातवानं बांडी म्हशीच्या मानेत सुई टोचली. वेळ मी घड्याळात बघून लिहिते आहे. तेहतीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेलं माणूस आधी वेळ बघतं आणि मग ओरडतं. मी दोन्ही केलं. हातातला चहाचा कप गव्हाणीच्या काठावर ठेवला आणि म्हणाले, "हे काय टोचून राहिलास रे?" तो दचकलासुद्धा नाही. त्यानं सुई काढली, टोचलेल्या जागी तळव्यानं चोळलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आत्या, काल सांजच्याला थेंब न्हाई दिला तिनं. आता अर्धा घंटा झाला बसून, थेंब न्हाई. कास बघ, हात लावून बघ. दगड झाली."

"म्हणून हे?"

"सगळेच टोचून राहिले. तू हिंगोलीत जे दूध पितेस ना, त्यातलं कितीतरी ह्याच्यावरचंच असंल."

"मी काय पिते ते मला शिकवू नकोस. पान्हा सोडवायच्या ह्या औषधाला बंदी आहे. आणि तुझ्या आजीच्या गोठ्यात आजवर सुई आली नव्हती."

"आजीच्या गोठ्यात आजी होती," तो म्हणाला, आणि चरवी गुडघ्यांत धरून खाली बसला.

आणि दूध आलं, माय. हे लिहिताना मला सगळ्यात जास्त राग येतो आहे. मला धार काढता येत नाही, पण म्हैस पान्हा सोडते तेव्हा कशी दिसते हे मी लहानपणापासून बघितलं आहे. डोळे अर्धे मिटतात, शेपटी थांबते, आणि रवंथ असा संथ सुरू होतो की बघणाऱ्यालाही झोप यावी. बांडीचं तसं काही झालं नाही. ती डोळे फाडून समोरच्या भिंतीकडे बघत उभी होती, पेंडीच्या घमेल्याला तोंडही लावत नव्हती, आणि दूध मात्र खालून कुणीतरी ओढून काढल्यासारखं चरवीत पडत होतं. ती चरवी मी उकिरड्यावर ओतायला लावली. औषधाची बाटली स्वतः खड्डा करून पुरली. पोरगं मोटारसायकलला दुधाचे कॅन बांधून औंढ्याला हॉटेलवाल्यांकडे निघून गेलं. आणि मी तिथंच उभी राहून तुझ्यावर चिडले. पोरावर नाही, तुझ्यावर. का, ते सांगते.

बांडी तुला ठाऊक नाही. तू गेल्यानंतरची आहे. पण तुझ्या पहिल्या म्हशीच्या, त्या शिंगतुटीच्या वंशातली आहे, सरळ आईकडून आईकडे. कपाळावर तळहाताएवढा पांढरा डाग आहे म्हणून बांडी. स्वभाव सगळा शिंगतुटीचा. आज गोठ्यात नऊ जनावरं आहेत, त्यांतल्या चार दुभत्या. तिघींची रेडकं पायाशी आहेत, रेडकू लावलं की त्या कुणालाही दूध देतात, कुरकुरत का होईना. बांडीचं रेडकू श्रावणात गेलं. तेव्हापासून ती दूध देते ते फक्त वहिनीला, आणि वहिनीला म्हणजे खरं तर तुझ्या लुगड्याला. ते तुझं बाटलीहिरव्या रंगाचं, काळ्या काठाचं लुगडं. तू वहिनीच्या अंगावर घातलंस त्या दिवसापासून ते गोठ्यातल्या खुंटीवर आहे. वहिनी साडीवरून ते कमरेला गुंडाळते, पदराचं टोक खांद्यावर टाकते आणि मगच बसते. ते फाटलं तिथं तिनं तुझ्याच दुसऱ्या लुगड्याचं ठिगळ लावलं आहे. त्याला साबण कधी लागला नाही. पावसाळा सरला की नुसत्या पाण्यात एकदा बुचकळायचं आणि गोठ्यातच वाळत घालायचं, हा तुझा नियम तिनं अजून पाळला आहे. तुझा मुलगा, माझा भाऊ, जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हाही सुतकात तिनं धार चुकवली नाही.

पोळ्याच्या सकाळी धार झाल्यावर वहिनी गोठ्याच्या उंबऱ्याशी घसरली आणि उजवं मनगट मोडून घेतलं. हिंगोलीला दवाखान्यात नेलं, तिथं आत पट्टी बसवायची ठरली. मी हिंगोलीतच राहते, धावत गेले. ती स्ट्रेचरवर पडल्या पडल्या मला म्हणाली, "वन्स, माझ्यापाशी काहून बसून राहिल्या? तुमी गावाला जा. पोरगं एकलंच हाय. त्याला म्या फोनवर सांगितलं, लुगडं बांध आन बस. बांडीला आवाज दे, मंग बस." मी म्हटलं, "तुझं मनगट मोडलंय आणि तू म्हशीचं सांगतेस?" ती म्हणाली, "मनगटाला डाक्टर हाय वन्स. बांडीला कोन हाय?" म्हणून मी दुपारच्या एसटीनं गावी आले. पोरगं मनगटाच्या धावपळीत सकाळपासून उपाशी होतं. त्याला भाकरी करून घातली आणि पदर खोचून गोठ्याच्या साफसफाईला लागले. फिनेल टाकून फरशी घासली, जाळी काढली, खुंट्या पुसल्या. मला घाण बघवत नाही हे तुला माहीत आहे. ते तूच शिकवलंस, किंवा शिकवायला मला लांब पाठवलंस.

आता माझी तक्रार ऐक. मी नोकरीत असताना टेबल बदललं, तालुका बदलला, की चार्ज घ्यावा लागे. जाणारा आणि येणारा समोरासमोर बसत. कपाटं किती, त्यांत फायली किती, किल्ल्या किती, कुठल्या खुर्चीचा पाय मोडलेला आहे, सगळ्याची यादी होई आणि दोघांच्या सह्या होत. सेनगावला मी एका तुटक्या स्टुलाचा चार्ज घेतला होता आणि निवृत्त होताना तोच स्टूल सहीनिशी दुसऱ्याच्या ताब्यात दिला. आणि तू? एका शिंगतुट्या म्हशीवर गोठा उभा केलास, त्यावर दोन लेकरं शिकवलीस, अर्ध्या गावाला दूध पाजलंस, आणि ह्या सगळ्याचा चार्ज एका जुनेऱ्यावर ठेवून गेलीस. लिहून ठेवायला तुला येत नव्हतं, मान्य. मला येत होतं ना? एकदा समोर बसवून सांगायचं होतंस, मी पानंच्या पानं लिहून घेतली असती. पण मला तू गोठ्यात पायच ठेवू दिला नाहीस.

तुझी बोटं वाकायला लागली तेव्हा मी दिवाळीला जोडून महिन्याची रजा घेऊन घरी आले होते. चरवी तुझ्या हातातून दोनदा निसटली, ते मी दारातून बघितलं. वहिनी तेव्हा पुसेगावकडून नवी नवी आलेली. म्हशीनं मान हलवली तरी किंचाळायची. तू तिला कशी शिकवत होतीस ते मी रोज बघत होते, आणि रोज जळत होते. आधी आठ दिवस ती नुसती तुझ्या पाठीशी, तुझा पदर धरून उभी. मग तुझ्या हाताखाली तिचा हात, सडावर दोघींची बोटं. मग एक दिवस तू अंगावरचं लुगडं फेडून तिच्या अंगावर घातलंस, स्वतः दुसरं जुनेरं नेसलीस आणि म्हशीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिलीस, तिला दिसशील अशी. मग चार पावलं मागे. मग दाराआड. मग बाहेर ओट्यावर बसून तू फक्त खोकायचीस, तेवढा तुझा आवाज आत जावा म्हणून. आणि एका संध्याकाळी तू खोकली नाहीस. आत धार चालूच राहिली. तू ओट्यावर गुडघ्यांत मान घालून बसली होतीस. मी पाण्याचा तांब्या घेऊन आले तर म्हणालीस, "घेतलं तिला. आता माझं काम न्हाई ततं."

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुला म्हटलं होतं, मलाही शिकव. रजेच्या दिवसांत तरी मी काढीन, वहिनीला विसावा मिळेल. मी बसायला पुढे झाले, आणि तू माझं मनगट धरून मला उठवलंस. वहिनीच्या देखत. "तुझ्या हाताला साबनाचा वास येतो. म्हशीला हात लावू नगंस." एवढंच. मी पस्तिशीची होते, कचेरीत माझ्या हाताखाली चार कारकून होते, आणि तू मला शेंबड्या पोरीसारखं उठवलंस. मी त्याच दिवशी उरलेली रजा टाकून परत गेले. रागाचं कारण तू कधी विचारलं नाहीस, म्हणून आज सांगते: साबण मला तूच दिला होतास.

विसरलीस का? मी नऊ वर्षांची असताना तू मला सिस्टरांच्या बोर्डिंगात टाकलंस. गावातल्या बायका म्हणाल्या, दूधवालीची पोर, इंग्रजीत धारा काढणार का? तू म्हणालीस, "काढू द्या न्हाई तर न काढू द्या. शेनात न्हाई जाऊ देनार तिला." जाताना औंढ्याच्या बाजारातून गुलाबी साबणाची वडी आणलीस, वासाची, कागदातली. ती माझ्या पेटीत ठेवलीस. नंतर प्रत्येक सुटीनंतर एक वडी. तू स्वतः आयुष्यभर अंगाला माती आणि हरभऱ्याचं पीठ लावलंस. तिथं सिस्टर रोज प्रार्थनेआधी आमची नखं तपासायच्या, बोटं हुंगायच्या, हो, खरोखर हुंगायच्या, आणि वास आला की लाकडी पट्टी. पहिल्या वर्षी माझ्या बोटांना कसला वास येत असेल ते तू सांग. मी दिवसातून सहा वेळा हात धुवायला शिकले. आणि पुढच्या वर्षी तू खरवसाचा डबा घेऊन मला भेटायला आलीस तेव्हा, दहा वर्षांच्या माझ्या तोंडून निघालं, "माय, पुढच्या वेळी साबण लावून ये." तू हसलीस. आणि पुढच्या वेळी खरंच लावून आलीस. तुला त्या वासात मी ओळखलंच नाही, आधी वाटलं कुणा दुसऱ्याच मुलीची आई. त्या सुटीत घरी आले तेव्हा बा सांगत होता, तुझी माय तुला भेटून आली आणि शिंगतुटीनं दोन दिवस पान्हा चोरला, तिसऱ्या दिवशी लाथ घातली. तुझ्या नडगीवर ती खूण होती. मी विचारलं तर म्हणालीस, "लागलं कुठं तरी." त्यानंतर तू बोर्डिंगात आली नाहीस, बाला पाठवत राहिलीस. मला वाटायचं तू रागावलीस.

हे सगळं मला गेल्या चार दिवसांत उलटसुलट आठवतं आहे. झोपते ती ह्याच विचारात, उठते ती ह्याच विचारात. बाकीचं सांगते, मग तुला माझी घाई कळेल. सोमवारी वहिनी दवाखान्यातून घरी आली. हात गळ्यात बांधलेला, अंगाला औषधांचा वास. कुणाचं न ऐकता तशीच संध्याकाळी गोठ्याच्या दारात गेली आणि बांडीला हाक मारली. बांडीनं कान टवकारले, पुढं वळली, आणि दोन हातांवर आल्यावर फुस्कारून मागे सरली, दावं ताणून भिंतीला जाऊन टेकली. वहिनी तिथंच उभी. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "शानी हाय. मला वळखंना म्हनजे मी दवाखान्याचीच झाले." मग घरात येऊन खाटेवर पडली आणि मुलाला बोलावलं. सुईचं तिला कळलं होतं. त्यानं स्वतःच सांगितलं होतं, खोटं बोलायची सवय नाही त्याला.

"किती डाव टोचली?"

"एक डाव. आत्यानं बाटली गाडून टाकली."

"बराबर केलं आत्यानं. आता ऐक. शुकरवारी हिंगोलीचा यापारी बोलवायचा. तवर रोज लुगडं बांधून बस, दोन्ही टाइम. बांडीनं घेतलं तर गोठा तुझा, मी ततं येनार बी न्हाई. न्हाई घेतलं तर नऊच्या नऊ टेम्पोत घाल आन इकून टाक. सुईवर गोठा चालवायचा न्हाई. मी जित्ती असताना न्हाई."

"माय, एका बांडीवरून नऊ?"

"आज बांडी. उद्या बाकीच्यांची रेडकं सुटतील. मंग काय करशील, नऊ सुया?"

तो उठून कडबा कापायला गेला. तुला तुझ्या नातवाबद्दल सांगायला हवं. तू गेलीस तेव्हा तो दहा वर्षांचा होता, म्हशीच्या पाठीवर पालथा पडून अभ्यास करायचा. पुण्याला कारखान्यात होता, चांगली नोकरी. चार वर्षांपूर्वी सोडून आला, कुणी बोलावलं नव्हतं. आल्यावर पत्रे बदलले, गव्हाणी बांधल्या, बांधावर गवत लावलं, कडबा कापायचं यंत्र बसवलं. धार मात्र वहिनीनं त्याच्या हाती दिली नाही. "माझे हात हायेत तवर कशाला," म्हणायची. तिचंही चुकलंच. तूसुद्धा बोटं वाकेपर्यंत थांबली होतीस. तुम्हा दोघींना वाटतं, हात म्हणजे काय, कायमचे. त्यामुळे तिथं कोण कुठे उभं राहतं, कोण कधी खोकतं, हे त्याला कुणीच दाखवलं नाही. तो पहिल्यांदा बांडीखाली बसला तो एकटा, घाबरलेला, अंगावर आजीचं लुगडं गुंडाळून. आणि तिनं त्याला झिडकारलं.

मंगळवारी जनावरांचे डॉक्टर आले. म्हणाले, कास शेकून, चोळून जेवढं निघेल तेवढं काढत राहा, पण असंच चाललं तर आठवड्याभरात आटेल, आणि त्याआधी कासेला सूज धरली तर सड जातील. आम्ही शेकतो. गरम पाण्याचं पातेलं मी नेते, फडकं मी पिळते, लांबूनच देते. पाव चरवी निघते, अर्धी कधी. प्रत्येक वेळी तो बसला की मी दाराबाहेर उभी राहते. कान फक्त एका आवाजासाठी टवकारलेले, चरवीच्या बुडाशी पहिली सणसणीत धार पडते ना, तो. येतो तो टपटप आवाज. काल संध्याकाळी तो बाहेर आला, लुगडं सोडून खुंटीला लावलं, हात धुतले आणि माझ्या शेजारी ओट्यावर बसला. तू बसायचीस तिथंच. बराच वेळ मोबाइलकडे बघत होता. मी विचारलं, "काय बघतोस?"

"नोकरीचं."

"कुठली?"

"कुठली बी. पुन्याचीच." मग म्हणाला, "आत्या, तकलीफ कामाची न्हाई गं. माय म्हनायची आजीचं लुगडं बांधलं की म्हैस घेतेच. तिला घेतलं, अनोळखी घरातून आलेली असून घेतलं. मी तर हितलाच. मला लुगडं बांधून बी न्हाई घेतलं. म्हंजे माझ्यातच कायतरी न्हाई ना?"

माय, मी जिभेची तिखट म्हणून चार तालुक्यांत ओळखली जाते. साहेबांना तोंडावर बोलले आहे, पुढाऱ्यांना खुर्चीवरून उठवलं आहे. आणि काल? मी म्हटलं, "चल, जेवून घे." आणि आत जाऊन भाकरी थापायला बसले.

आज बुधवार. दुपारचे दोन वाजले आहेत. पोरगं औंढ्याला गेलं आहे, वहिनी गोळी घेऊन झोपली आहे, आणि मी तिच्या खाटेपासून चार पावलांवर बसून हे लिहिते आहे. इथवर तुला जाब विचारत आले. तुझ्यावर, वहिनीवर, पोरावर, सुईवर, बोटं हुंगणाऱ्या सिस्टरांवर रागावून झालं. कचेरीत असं लांबलचक टिपण आलं की मी पहिली पानं वाचतच नसे. माणसाला जे सांगायचं नसतं ते तो शेवटच्या पानावर खाली लिहितो. तर लिहिते.

शनिवारी, पोळ्याच्या दुपारी, गोठा झाडून झाल्यावर मला खुंटीवरचं लुगडं दिसलं. मी ते दोन बोटांनी उचललं. ते कडक झालं होतं, उभं राहील इतकं. मी "शी!" म्हणाले, मोठ्यानं, ऐकायला कुणी नसताना. आणि मी ते मोरीवर नेलं, कढत पाण्यात सोडा टाकून भिजवलं, साबण लावला, धोपटलं. तीन बादल्या काळं पाणी निघालं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. नियम मला तोंडपाठ होता, वर मीच तो लिहिला आहे, वाचून बघ. त्या वेळी मला वाटलं, हे सगळं थोतांड आहे, म्हशीला कसली आली आहे पारख. त्याच्याही आत काय वाटलं ते सांगते: जी वस्तू तू मला सोडून तिला दिलीस, ती मी घासून स्वच्छ करते आहे, ह्याचं मला बरं वाटलं. तिसऱ्या बादलीपर्यंत फार बरं वाटलं. मग ते पिळलं, उन्हात टाकलं, धारेच्या वेळेपर्यंत कोरडं झालं, घडी घालून खुंटीला अडकवलं. पोरगं संध्याकाळी ते बांधताना म्हणालं, "मायनं पोळ्याचं धुतलं वाटतं." मी ऐकलं आणि गप्प राहिले. तेव्हापासून गप्प आहे. वहिनीला वाटतं मुलाचा हात नाही. मुलाला वाटतं त्याच्यातच काही नाही. आणि मी बाटली पुरल्याबद्दल घरात माझं कौतुक चाललं आहे.

काल दुपारी सगळे झोपलेले असताना मी ते लुगडं घेऊन गोठ्यात गेले. शेणात घोळवलं, जनावरांच्या पाठीवरून फिरवलं, बांडीच्या गव्हाणीत अंथरून ठेवलं. तिनं हुंगलं आणि पाठ फिरवली. त्यात सोड्याचा वास आहे, माझा आहे. नाही तो फक्त वहिनीचा, आणि तिच्याखाली कुठंतरी तुझा. ते आता एकाच तऱ्हेनं दुरुस्त होईल हे मला कळतं. वहिनीचं औषधाचं अंग मातीनं आणि पिठानं धुऊन काढायचं, ते लुगडं तिच्या अंगावर घालायचं, रात्रंदिवस, घाम मुरेपर्यंत, आणि मग पोराला तिच्या पाठीशी उभं करायचं, पदर धरून, पहिल्यापासून. त्याला आठ दिवस लागतील, महिना लागेल, व्यापाऱ्याला नको म्हणून सांगावं लागेल. आणि व्यापारी नको का, हे सांगताना कारण सांगावं लागेल. ते कारण मी आहे. सहासष्टाव्या वर्षी, तिच्या खाटेशी उभं राहून, माझ्या तोंडानं.

हे पत्र मी कुठं टाकणार? तुझ्या पत्त्यावर कुठला पोस्टमन जात नाही. घडी घालून माझ्या पर्समध्ये राहील. पण शिस्त म्हणून लिहिते. साबणाची पहिली वडी देताना तुला ठाऊक होतं का, की तू मला गोठ्यातून कायमची काढते आहेस? असेल तर तसं सांगायचं होतंस, मी खुंटीवरच्या लुगड्यावर इतकी वर्षं दावा केला नसता. आणि मी वहिनीला आज सांगू की उद्या, का पोराला आधी सांगू, ह्याचा स्पष्ट खुलासा करावा. उद्या गुरुवारी संध्याकाळच्या धारेच्या आत, म्हणजे सहाच्या आत, तुझा जबाब माझ्या हाती पडला पाहिजे. न आल्यास तुला काही म्हणायचं नाही असं समजून मी खाटेशी जाईन. जबाब लेखी हवा. तोंडी चालणार नाही, तोंडी तू नेहमी अर्धंच बोललीस. लिहिता येत नाही ही सबब ऐकणार नाही. अंगठा चालेल.